आरशाकडे पाठ

पार्लरमधली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची वेळ माझ्यावर धाकटीनं आणली. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. शाळेची बस चालवते. आजारपणानं तिला स्टिअरिंगवरून उचलून दवाखान्याच्या कॉटवर आडवं केलं, आणि औषधांनी तिचे केस नेले. तेव्हापासून बाईनं आरशात बघणंच सोडलं. घरातला एकूण एक आरसा काढून माळ्यावर टाकला. भाऊजी बिचारे मोबाइलमध्ये बघून दाढी करायचे आणि हनुवटी कापून घ्यायचे.

औषधं संपून आता बरेच महिने झाले होते. डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. पण बस काही डोळे मिटून चालवता येत नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावर तो लांबोडका आरसा असतो ना, मागची पोरं त्यातच दिसतात, आणि जरा मान वर केली की आपलं तोंडही. सोमवारी आली नाहीस तर गाडी दुसऱ्याला देऊ, कायमची, असं शाळेनं कळवलं होतं. ती गाडी गेली असती तर धाकटी उभी राहिली नसती, हे मला पक्कं माहीत होतं.

"मला जमायचं नाही, ताई," शनिवारी दुपारी ती खुर्चीत बसून भिंतीला सांगत होती. "केस पहिल्यासारखे सरळ करून द्या. तरच गाडीत बसेन."

"आधी तो रुमाल सोड. बघू तरी दे!"

तिच्या लग्नापासून तिचे केस मीच कापत आले. सरळसोट, जाड, कंगवा वर ठेवला तर घसरून खाली पडेल असे. आईवर गेलेले, असं ती सांगायची. कानाच्या पाळीखाली एक रेघ मारली की झालं काम.

तिनं रुमाल सोडला आणि मी बघतच राहिले. याच डोक्याला मी माझ्या हातानं तेल चोळलं होतं, तेव्हा ते दुधीभोपळ्यासारखं गुळगुळीत होतं. त्यातून हे आलं होतं. काळं, मधूनच करडं, मऊ, आणि कुरळं! अहो, चांगलं गच्च कुरळं! मी जन्मभर लोकांच्या केसांत हात घालून बसलेय. रंगवलेत, सरळ केलेत, वळवलेत. मला वाटायचं, केसांनी मला दाखवायचं असं काही आता उरलेलं नाही. पण पार निघून गेलेलं परत येतं, आणि येताना वेगळंच होऊन येतं? माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"डॉक्टर म्हणाले, होतं असं कुणाकुणाचं," ती म्हणाली. "पण हे माझे नाहीत हो. कुणाचे तरी आणून चिकटवल्यासारखे वाटतात. हात लावला तरी दचकायला होतं. ते क्रीम लावा आणि सरळ करा. वरून काळा रंगही लावून टाका."

"डोकं फिरलंय का तुझं? इतक्यात केमिकल नको म्हणून डॉक्टरांनी बजावलंय ना? तान्ह्या बाळासारखे केस आहेत हे. आणि टॉवेलनं खसाखसा पुसतेस वाटतं? तरीच असे पिंजारलेत. जुना सुती टी-शर्ट घ्यायचा, दाबून पाणी टिपायचं. मोठ्या दातांचा कंगवा, तोही ओल्या केसांत, टोकाकडून सुरू करून वर जायचं. कुणाला सांगतेय मी?"

"भिंतीला," ती म्हणाली. आजारपणानंतर पहिल्यांदाच तिनं मला उलटं उत्तर दिलं. मला आतून इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम आणखी रागावले.

शेवटी ठरलं असं, की मी कापून आकार द्यायचा आणि ब्रशनं ओढून वाळवायचं. दोन दिवस तरी सरळ राहतील, पुढचं पुढे. मी केस धुतले. ओले झाल्यावर ते निमूट सरळ होऊन मानेवर पडले. कंगव्यानं खाली ओढले आणि कात्री चालवली. कानाच्या पाळीखाली एक रेघ, नेहमीची. तोंड चालू होतंच. माझी कात्री आणि माझं तोंड एकाच बटणावर चालतं, असं भाऊजी म्हणतात. शेजारणीच्या सुनेनं घरच्या घरी केस रंगवताना कान कसे जांभळे करून घेतले, ते मी रंगवून सांगत होते. रंग लावायच्या आधी केसांच्या कडेनं व्हॅसलीन फिरवायचं, एवढं साधं कळू नये माणसाला? एकीकडे मी ड्रायर सुरू केला.

आणि केस उठले.

कुरळे केस ओले असताना लांब दिसतात, वाळले की वर उडी मारतात. हे काय मला माहीत नव्हतं? कुरळ्या केसांची कुणी आली तर मी कोरडेच कापते, तेही हात राखून. पण समोर धाकटीचं डोकं होतं, आणि माझ्या हातांना धाकटीचे केस म्हणजे सरळ एवढंच पाठ होतं. आता एकेक बट गरम वारा लागेल तशी आखडत, वळत वर चालली होती. मानेवरून कानावर, कानावरून कानाच्याही वर. पुढच्या बटा कपाळावर येऊन गोल बसल्या. मी घाईघाईनं ब्रश लावून बघितला, पण ब्रशच्या पकडीत यायला केस शिल्लक होते कुठे? मेले मी, असं मनात म्हटलं. सोमवार माझ्याच हातानं घालवला. आणि तेवढ्यातही माझी नजर हलत नव्हती. कुणी न वळवता, कुणी न सांगता ते डोकं आपलं आपण सजत होतं. इतकं सुंदर काही माझ्या कात्रीखालून कधी निघालं नव्हतं.

"ताई?" ती म्हणाली. "मग कानांचं काय झालं?"

मी ब्रश खाली ठेवला.

"ताई, गप्प का झालात? तुम्ही आणि गप्प? अहो, काय केलंत काय?"

तिनं भिंतीला पाय लावला आणि खुर्ची गर्रकन फिरवली.

ड्रायर माझ्या हातात तसाच घोंघावत होता. ती आरशात बघत होती. ओरडेल, रडेल, काहीतरी फेकेल म्हणून मी तयारीत उभी. तिनं हळूच तळहात उचलला आणि नाकावर आडवा धरला. आरशात फक्त डोळे, कपाळ आणि त्यावरच्या बटा राहिल्या.

"बाबा," ती म्हणाली.

तिचे वडील प्रवासी टेम्पो चालवायचे, गाडी चालवायला तिला त्यांनीच शिकवलं. मी त्यांना पाहिलं ते थेट लग्नात, तेव्हा डोक्यावर एक केस नव्हता. आता तर ते जाऊनही बरीच वर्षं झालीत.

"लहानपणी मी त्यांच्या मागच्या सीटवर बसायचे," ती म्हणाली. "पुढच्या आरशात मला त्यांचं तेवढंच दिसायचं. डोळे, कपाळ आणि हे असे केस. मी रस्ताभर तिकडेच बघत राहायचे. ते आरशातून मला डोळा मारायचे." तिनं एक बट बोटानं ओढली, सोडली. बट परत वर गेली. "इतकी वर्षं हे कुठे होते, ताई?"

"मला नको विचारूस. मी फक्त कापते," मी म्हटलं आणि रडायला लागले. एरवी तीच रडते आणि मी दटावते. त्या दिवशी तिनं मला पाणी आणून दिलं.

सोमवारी सकाळी पार्लरसमोर हॉर्न वाजला. धाकटी ड्रायव्हरच्या जागेवर, डोकं उघडं. पोरांना घ्यायला अजून अवकाश होता. "बसा," ती म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत सोडते." मी तिच्या मागच्या सीटवर बसले. तिनं हात वर केला, आरसा जरासा खाली वळवला. त्यात तिचे डोळे आले, कपाळ आलं, बटा आल्या.

तिनं आरशातून मला डोळा मारला.

"का हो, आज पण गप्प?"

"चालव तू," मी म्हटलं. "मी बघतेय."