चार घरं, तीन बोटं

दादाच्या बँडमधला बास गिटारवाला बदली होऊन गेला, तेव्हा त्याची जागा मी मागितली. दादा हसला. तो स्वतः कीबोर्ड वाजवतो, वहिनी गाते, ड्रमवर दातांचे डॉक्टर असतात, आणि महिनाअखेरीला त्यांचा सभागृहात कार्यक्रम होता.

"अगं, हा शिवणाचा क्लास नाही," दादा म्हणाला.

मी सत्तेचाळीस वर्षांची, कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करते. कोणी असं हसलं की माझं डोकं फिरतं. वर्षभर बास शिकतेय, हे त्याला माहीत होतं. तरी तो म्हणाला, "बुधवारी ये. नाही जमलं तर दुसऱ्या एका बासवाल्याला फोन करतो."

माझे सर वाद्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत शिकवतात. सहा महिने त्यांनी मला मोडमध्येच घोळवलं. सात सूर तेच, पण सुरुवात वेगळ्या सुरावरून केली की सगळी चालच पालटते. असे सात प्रकार, ते सात मोड. पाठांतराला मी घाबरत नाही. मला छळलं ते बोटांनी. बासच्या दांडीवर आडव्या बारीक सळ्या बसवून घरं पाडलेली असतात, आणि सरांचा नियम एकच, चार घरं, चार बोटं. माझी करंगळी पंधरा वर्षांपूर्वी कटिंग मशीनखाली सापडली होती. वाचली, पण ताठ राहिली. आता ती नुसती शोभेची आहे.

म्हणून मी चोरवाट काढली. दादाचं मुख्य गाणं त्या सातांपैकी डोरियन मोडमध्ये होतं आणि त्यांच्या पट्टीत चारही मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या तारा सुरात बसत होत्या. जिथे करंगळी हवी तिथे मी मोकळी तार छेडायची. सर भुवया उंचावायचे, मी दुर्लक्ष करायची.

बुधवारी वहिनीचा घसा बसला होता. "अर्धा सूर खाली घेऊया का?" तिने विचारलं. दादाने कीबोर्डवरचं पट्टी बदलायचं बटण दाबलं आणि तीच बोटं तिथेच ठेवून वाजवायला लागला. नव्या पट्टीत माझी एकही मोकळी तार कामाची नव्हती. मी दोन ओळी तोंडघशी पडत पडत वाजवल्या. डॉक्टरांनी ड्रम थांबवला आणि चष्मा पुसायला घेतला.

"राहू दे," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात दया होती. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पुढच्या बुधवारपर्यंत फोन करायचा नाही," मी म्हटलं.

"ताई, अगं..."

दादा मला ताई म्हणतो तेव्हा तो समजूत घालत असतो. मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे.

"एक आठवडा, दादा."

घरी येऊन मी अस्तराची एक चिंधी कापली आणि चारही तारांखाली, अगदी वरच्या टोकाला कोंबली. आता मोकळी तार छेडली की नुसता धप्प आवाज यायचा. चोरवाट बंद. मग करंगळीच्या मागे लागणं सोडलं. कापड पुरत नसेल तर ते ताणायचं नसतं, वरचा नमुन्याचा कागद सरकवून बघायचा असतो, हे मी रोज करते. तिसऱ्या सुराला अख्खा हात एक घर पुढे सरकवायचा आणि अनामिका टेकवायची. पहाटे कामावर जाण्याआधी, जेवणाच्या सुट्टीत गोदामात, बाराही पट्ट्यांमधून डोरियन, वर आणि खाली. शनिवारी अनामिकेला फोड आला. रविवारी तो फुटला. मी चिकटपट्टी लावली आणि वाजवत राहिले. सोमवारी सरांनी ऐकलं, माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे मी शिकवलेलं नाही. पण सुरात आहे."

बुधवारी वहिनीचा घसा आणखी बिघडलेला. त्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी ती एकटीच गाते, मग आम्ही सगळे येतो. तिने आपल्याला सोसेल तिथून सुरू केलं, कोणाला न विचारता. दादाने हात ठेवला आणि झटकन उचलला. बेसूर! तो बटण दाबायला लागला, एकदा, दोनदा, पुन्हा उलट. डॉक्टरांनी ठेका धरला होता. वहिनीचे डोळे दादावर, आणि तिचा आवाज आता डगमगायला लागलेला.

मी एक सूर हळूच चाचपला. वरचा निघाला. एक घर खाली, चौथ्यावर, बरोबर. तिथून मी डोरियन धरला, हात सरकवत, तीन बोटांनी. वहिनीने मान माझ्याकडे वळवली आणि तिचा आवाज ठाम झाला. एक चूक झाली, दुसरी होता होता राहिली. दादा सुरात आला तेव्हा पहिलं कडवं संपलं होतं.

गाणं संपल्यावर वहिनी खरखरत्या आवाजात दादाला म्हणाली, "आम्ही पुढे गेलो होतो हो."

दादा लाल झाला. खिशातून फोन काढून खिडकीपाशी गेला.

"हो, मीच," तो म्हणाला. "त्या दिवशी विचारलं होतं ना, त्याची आता गरज नाही. बास वाजवणारी आहे आमच्याकडे." पलीकडचं ऐकून त्याने माझ्याकडे पाहिलं. "बहीण आहे, हो. ते वेगळं. वाजवते."