छत्रीवाला छत्री का उघडत नाही?

रविवारी सकाळी साहेब घरातून निघाले तेव्हा बायकोनं दारापर्यंत येऊन रुमाल दिला, चष्मा दिला आणि म्हणाली, "या, गुप्तहेरसाहेब." बस, एवढंच. आता ज्याचं लग्न झालंय त्याला वेगळं सांगायला नको. बायको भांडत असते तोवर नवऱ्यानं निर्धास्त राहावं. ती आदरानं बोलायला लागली की समजावं, आपलं काही खरं नाही.

"तू... येत नाहीस?" साहेबांनी चपला घालता घालता विचारलं.

"मी कशाला? तुमच्या तर रक्तातच आहे ना ते!"

आणि दार लागलं. आपटलं नाही हो. आपटलं असतं तर बरं झालं असतं. माणूस दार कसं लावतो एवढ्यावरून त्याच्या मनातलं ओळखणारा गोष्टींतला तो छत्रीवाला गुप्तहेर तिथं जिन्यात असता, तर म्हणाला असता, साहेब, आज जरा जपून.

साहेब म्हणजे कुठले अधिकारी वगैरे नव्हेत. तरुणपणी ते बसस्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठं लागली, कुणाची पिशवी बाकावर राहिली, हे असल्या भारदस्त आवाजात सांगायचे की पिशवी विसरणाऱ्यालाही आपल्या हातून काहीतरी मोठं कार्य झालंय असं वाटावं. तो आवाज रेडिओ केंद्रातल्या कुणाच्या तरी कानावर पडला आणि साहेबांचं नशीब उघडलं. केंद्रावर तेव्हा छत्रीवाल्याच्या गोष्टींची मालिका बसत होती. छत्रीवाला म्हणजे तोच, राणीच्या राज्यातला, गॅसच्या दिव्यांच्या आणि धुक्याच्या शहरातला गुप्तहेर. हातात कायम काळी छत्री आणि धो धो पाऊस कोसळला तरी ती न उघडणारा. त्याला एका बग्गीतून गावभर फिरवणारा एक बग्गीवाला असतो आणि सगळ्या गोष्टी आपल्याला सांगतो तो हा बग्गीवालाच. तर साहेब झाले छत्रीवाल्याचा आवाज. मालिका संपली, पण लोकांचे प्रश्न काही संपेनात. शेवटी केंद्रानं रविवार सकाळचा कार्यक्रमच सुरू केला. लोकांनी फोन करावा, छत्रीवाल्याबद्दल हवं ते विचारावं आणि त्याच आवाजात उत्तर ऐकावं.

आणि लोक काय काय विचारायचे! तो खरंच होऊन गेला का? त्याचं घर अजून आहे का, असेल तर बघायला देतात का? त्यानं लग्न का नाही केलं? त्या बग्गीची घोडी म्हातारी झाल्यावर तिचं काय झालं? एक गृहस्थ तर दर महिन्याला विचारायचे की आमच्या शेजाऱ्यानं आमची शिडी नेली आहे, छत्रीवाल्यानं काय केलं असतं? इतकी माया सख्ख्या काकाला मिळत नाही, ती या कागदावरच्या माणसाला मिळत होती. साहेबांना त्याचं फार अप्रूप वाटायचं.

गंमत अशी, की साहेबांनी त्या गोष्टी वाचलेल्याच नव्हत्या. आपले संवाद तेवढे वाचले. पुस्तक हातात घेतलं की पाचव्या ओळीला त्यांची मान पडायची. वाचलेलं राहत नसे, ऐकलेलं मात्र जन्मात जात नसे. बसस्थानकावरच्या गाड्या ते अजून झोपेत बडबडायचे.

वाचल्या होत्या त्या बायकोनं. एकदा नाही, कितीदा तरी. ती शाळेत भूमिती शिकवायची आणि छत्रीवाल्यावर तिचा भारी जीव. म्हणायची, "आमच्या भूमितीत काय सिद्ध करायचं ते आधी लिहिलेलं असतं. याच्याकडे लिहिलेलं नसतं, तरी हा सिद्ध करून दाखवतो. याला म्हणायचं डोकं!"

तेव्हा दर रविवारी व्यवस्था अशी. साहेब माईकपुढे. मध्ये जाड काच. काचेपलीकडे यंत्रावर बसलेला बटणदादा आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत साहेबांची बायको, म्हणजे केंद्रावरच्या सगळ्यांच्या वहिनी. प्रश्न आला की त्या खुणा करायच्या. मान हलवली की हो. दोन्ही तळवे आडवे फिरवले की पुस्तकात नाही, टाळा. लगाम ओढला की घोडी, कपाळाला हात लावला की पोलीस. गालाखाली हात ठेवून मान कलती केली की तो माणूस झोपला होता. या खुणांवर साहेब असे काही बोलत सुटायचे की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. फसगत झाली ती एकदाच. वहिनींच्या नाकाला खाज सुटली, त्यांनी खाजवलं आणि साहेबांनी श्रोत्यांना सांगून टाकलं की त्या प्रकरणात छत्रीवाल्याला सडकून सर्दी झाली होती. वहिनी घरी येईपर्यंत हसत होत्या.

आणि मग तो सत्काराचा दिवस आला. कार्यक्रमाला बरीच वर्षं झाली म्हणून केंद्रानं सभागृहात समारंभ केला. हार झाला, टाळ्या झाल्या. कुणीतरी उठून विचारलं, "एवढं सगळं तुमच्या लक्षात राहतं तरी कसं?" बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. साहेबांनी एकवार तिच्याकडे बघायचं होतं, एवढंच करायचं होतं. पण टाळ्या भल्याभल्यांच्या डोक्यात जातात. साहेब मान मागे टाकून म्हणाले, "अहो, ते रक्तातच असावं लागतं!"

झालं. त्या दिवसापासून घरात चहा वेळेवर, जेवण वेळेवर आणि बोलणं आदरानं. आठवडाभर साहेबांनी घरात असा आदर भोगला की शत्रूवरही तशी वेळ येऊ नये.

केंद्रावर पोचल्यावर त्यांची पहिली नजर काचेकडे गेली. खुर्ची रिकामी.

"वहिनी मागून येतायत का?" बटणदादानं विचारलं.

"डोकं दुखतंय तिचं," साहेब म्हणाले. डोकं कुणाचं दुखत होतं ते देवाला ठाऊक.

बटणदादाचा चेहराच पडला. "मग हो? आज निभावणार कसं? बंद ठेवू का? जुन्या मालिकेतला भाग लावतो."

साहेबांना क्षणभर मोह झाला. पण म्हणतात ना, पडलो तरी नाक वर. "लाव रे दिवा," ते म्हणाले. "बघू काय होतं ते."

लाल दिवा लागला, कार्यक्रम सुरू झाला. पहिला फोन कॉलेजातल्या एका मुलीचा. "तो खरंच होऊन गेला का हो?"

हा प्रश्न इतक्यांदा आला होता की उत्तर साहेबांना पाठ होतं. "पोरी, ज्याच्या घरचा पत्ता लोक शंभर वर्षांनंतरही विचारतात, तो नव्हताच असं म्हणायला मला तरी धीर होत नाही." मुलगी खूश. साहेबांच्या जिवात जीव आला. पण बोलता बोलता आठवलं, हे वाक्यही तिचंच. भांडी पुसता पुसता म्हणाली होती.

दुसरा फोन एका शिंप्याचा. "त्या बंद गिरणीच्या प्रकरणात छत्रीवाला आत शिरला, तेव्हा बग्गीवाला बाहेर काय करत होता?"

आली का पंचाईत! साहेबांनी सवयीनं काचेकडे पाहिलं. बटणदादा बिचारा रात्रपाळी करून आलेला. यंत्रावर कोपर टेकून, गाल तळहातावर ठेवून त्यानं मान कलती केली होती.

"बग्गीवाला?" साहेब ठासून म्हणाले. "गाढ झोपला होता!"

पलीकडे शिंपी घोटाळला. "झोपला होता? मग साहेब, खिडकीतून दिसलेली ती मारामारी आम्हाला सांगितली कुणी?"

साहेबांना दरदरून घाम फुटला. सगळ्या गोष्टी सांगतो तो बग्गीवाला आणि यांनी त्यालाच झोपवला! काहीबाही बोलून त्यांनी शिंप्याची बोळवण केली. पण काचेपलीकडे यंत्रावरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. गावातला जो तो फोनला चिकटला होता. बटणदादानं घाबऱ्या घाबऱ्या त्यातला ओळखीचा बघून एक जोडून दिला.

ते होते निवृत्त स्टेशनमास्तर. अगदी पहिल्या रविवारपासूनचे श्रोते. त्यांचा प्रश्नही ठरलेला. खरं तर तो सगळ्यांचाच प्रश्न होता.

"साहेब," मास्तर खोकत म्हणाले, "दर वेळी तुम्ही हसून टाळता. माझं आता वय झालं. एकदाचं सांगून टाका. छत्रीवाला छत्री का उघडत नाही?"

दर वेळी या प्रश्नाला वहिनींचे दोन्ही तळवे फिरायचे. पुस्तकात नाही, टाळा. आज साहेबांनी काचेकडे पाहिलं, तर तिथं नुसती खुर्ची. आणि त्या खुर्चीकडे बघता बघता त्यांच्या कानात एक आवाज आला. मागच्याच महिन्यात, जेवताना, ती हातातला घास तसाच ठेवून म्हणाली होती, "अहो, सापडलं! छत्रीचं सापडलं मला!" आणि मग डोळे मोठे करून सगळं सांगितलं होतं. साहेब तेव्हा हूं हूं करत होते. तिचं सांगून झाल्यावर म्हणाले होते, "आमटीत मीठ कमी आहे." पण ऐकलेलं त्यांच्या डोक्यातून जात नसे, तसं हेही गेलं नव्हतं.

"मास्तर," साहेब हळूहळू बोलू लागले, "पहिल्याच गोष्टीत एक जागा आहे. पाऊस लागलेला आहे. छत्रीवाल्याला एका घराच्या दारावर नजर ठेवून उभं राहायचं आहे. बग्गीवाला आपली छत्री त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, असू द्या, सकाळी परत करा. ती सकाळ त्या गोष्टीत येतच नाही. पुढच्या कुठल्याच गोष्टीत येत नाही."

"म्हणजे?" मास्तरांचा खोकलाच थांबला.

"म्हणजे छत्री त्याची नाहीच. दुसऱ्याची वस्तू, म्हणून तो उघडत नाही. परत द्यायची मात्र राहून जाते. आणि पुढच्या प्रत्येक पावसात बग्गीवाला काय म्हणतो ते बघा. म्हणतो, मी वर बसून भिजत होतो. एवढंच म्हणतो. तक्रार नाही, काही नाही. भिजतो, आणि याच्या हुशारीच्या गोष्टी जगाला सांगतो. आणि हा एवढा मोठा गुप्तहेर! सगळ्या जगाचं याला दिसतं, आणि जवळचं माणूस भिजतंय ते..."

इथं साहेबांनी पुन्हा त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. हे तिचंच वाक्य होतं, जसंच्या तसं. ते बोलताना ती ताटाकडे बघत नव्हती, त्यांच्याकडे बघत होती. हे त्यांना आत्ता दिसलं.

रेडिओवर शांतता म्हणजे महापाप. बटणदादा काचेपलीकडून हातवारे करत होता, बोला, बोला. साहेबांनी चष्मा काढला, तिनं दिलेल्या रुमालानं पुसला आणि बोलले. पण छत्रीवाल्याच्या आवाजात नाही, स्वतःच्या साध्या आवाजात.

"मास्तर, हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. आजवरची सगळी उत्तरंही तिचीच. ती इथं बसून खुणा करायची आणि मी बोलायचो. माझ्या रक्तात काही नाही हो. आज ती आलेली नाही, म्हणून मी मघाशी बग्गीवाल्याला झोपवला. फार मोठ्या बुद्धीची बाई आहे माझी बायको, आणि मी तिला कितीतरी वर्षं भिजत ठेवली."

मास्तर म्हणाले, "फार छान उत्तर. माझा नमस्कार सांगा त्यांना." आणि फोन ठेवला.

साहेब खुर्चीत मागे रेलले. संपला कार्यक्रम, त्यांना वाटलं. आता केंद्रप्रमुख बोलावतील, चार शब्द सुनावतील, सुनावू देत. तेवढ्यात बटणदादा खुर्चीतून उडालाच. त्यानं एक फोन जोडला आणि वहिनींच्या खुणांची नक्कल करत दोन्ही हातांनी लगाम ओढल्यासारखं काहीतरी करू लागला. साहेबांना काही कळेना.

"नमस्कार," स्वच्छ, शाळेतल्या फळ्यापुढचा आवाज आला. "एक दुरुस्ती आहे. पहिल्या नाही, दुसऱ्या गोष्टीत दिली छत्री. पहिल्या गोष्टीत पाऊसच नाही."

साहेब ताडकन सरळ बसले. "हो. चुकलं माझं."

"आणि बंद गिरणीबाहेर बग्गीवाला घोडीच्या तोंडावर हात धरून उभा होता. तिनं खिंकाळू नये म्हणून. म्हणे झोपला होता!"

"चुकलं," साहेब म्हणाले. सगळं गाव ऐकत होतं आणि त्यांना त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं. "बाई, आपला काही प्रश्न आहे का?"

"आहे. राहिलेली छत्री परत कधी देणार?"

"आत्ता. या क्षणी. पुढच्या रविवारी इथं माईकपुढे दोन खुर्च्या मांडतो."

"दोन कशाला? एक पुरे. मी बोलेन, तुम्ही काचेपलीकडे बसा."

"अगं, पण मी तिथं बसून करू काय?"

"नाक खाजवा," ती म्हणाली, आणि आठवड्यात पहिल्यांदाच खळखळून हसली.