वाटी तर भरलेली होती!

बुलढाण्याच्या अर्जुनरावांकडे पिवळा कॅनरी पक्षी आल्यापासून त्याच्या गाण्याशिवाय सकाळचा चहा कोणाच्या घशाखाली उतरत नव्हता. तोच कालपासून मुका होऊन, पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, तेव्हा घरात तर्कांना ऊत आला. त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, दृष्ट काढली. "थंडी बाधली असंन," म्हणत अर्जुनरावांनी पिंजरा उन्हात नेला. उपासमारीची शंका कोणाला आलीच नाही, कारण दाण्यांची वाटी काठोकाठ भरलेली होती!

शेवटी शेजारच्या जहांआराबाईंना बोलावलं. बाई निवृत्त शिक्षिका, कॅनरी पाळण्यात मुरलेल्या.

"भाऊ, दाणे कधी टाकले होते?"

"वाटी रिकामी झालीच नाही, तं टाकू काऊन?"

बाईंनी वाटीवर हलकेच फुंकर मारली. भुर्रकन सगळं उडालं आणि वाटीचा तळ दिसला!

"हे फोल आहे, भाऊ. हा दाणा सोलते, आतला गर खाते अन् टरफल तिथंच टाकते. उपाशी मरून राह्यला ना बिचारा!"

अर्जुनराव खजील झाले. बाईंनी ताजे राळ्याचे दाणे घातले, तसा पक्षी त्यावर तुटून पडला.

"रोज सकाळी फोल उडवा, पाणी बदला, धुतलेलं पालकाचं पान द्या. चालत असंन तं उकडलेल्या अंड्याचा कण द्या. चोच घासाले समुद्रफेस टांगा. अन् भरलेलं दिसते म्हणून भरोसा ठेवू नका, हात घालून पाहा."

त्या दिवशी अर्जुनरावांना हात घालून पाहायची खोडच लागली. दुपारी मुलगा शेखर आणि ते जेवून उठले. सुनेला त्यांनी रोजचा प्रश्न केला, "योगिनी, तुमच्यासाठी आहे ना व?"

"हाव मामाजी, आहे ना."

लग्न होऊन आल्यापासून तिचं हेच उत्तर. आज मात्र अर्जुनराव थेट स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांनी पातेल्यावरचं झाकण उचललं. तळाशी चमचाभर रस्सा! टोपलीत दीड पोळी!

"अवं, हे दोघींले कसं पुरंन?"

योगिनी खाली पाहू लागली. बोलल्या त्या पुष्पाबाई. "मी बी सून होती तवापासून 'आहे ना'च म्हणून राह्यली. तुम्ही कधी झाकण काढलं नाही, म्या कधी सांगितलं नाही."

अर्जुनरावांनी झाकण हळूच परत ठेवलं. एका पाखरासाठी आपण शेजारणीला बोलावून आणलं, आणि घरातल्या माणसांच्या पातेल्यात कधी डोकावून पाहिलं नाही! त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्या संध्याकाळी चौघांची ताटं एकदम मांडली गेली. भाजी कमी पडली, पण चौघांनाही सारखीच कमी पडली. शेखर मुकाट्याने उठून कांदा चिरायला बसला.

मंडळी, आपल्या घरात कोणाला पुरलं नाही, हे दारातून विचारून कळत नाही. त्यासाठी त्यांच्या सोबतच जेवायला बसावं लागतं.