लग्नासाठी रिकामा गोठा

"या बरण्या टाकून दे, टाकून दे म्हणून मी घसा कोरडा केला, तेव्हा कोणी ऐकलं नाही," व्हर्ला पुटपुटली. "आता त्यांनाच गोणपाट नेसवायचं, वर सुतळीचा कंबरपट्टा. आणि याला म्हणे शोभा!"

ती कोणाला उद्देशून बोलत नव्हती. पण आर्डिस तिच्या कोपराला कोपर लावून बसली होती, त्यामुळे शब्द न् शब्द तिच्या कानात पडत होता. व्हर्ला तिची नणंद. नणंदेचं पुटपुटणं फ्रिजच्या घरघरीसारखं असतं, बंद पडलं तरच काळजी करायची, हे आर्डिस चौतीस वर्षांत शिकली होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौसष्ट बरण्या मांडल्या होत्या. एरवी यांत घेवड्याच्या शेंगा आणि काकड्या मुरायच्या. पुढच्या शनिवारी त्यांत बागेतली पिओनीची फुलं बसणार होती. जेवणाला चर्चमधल्या बायका लोणी लावलेल्या पावात हॅम घालून देणार होत्या. हे खाणं सगळ्या विस्कॉन्सिनमध्ये लग्नालाही चालतं आणि मयतालाही, त्यामुळे कोणाला काही शिकवावं लागत नाही. आमंत्रणं नवरीने, आर्डिसच्या मुलीने, मॅरेनने स्वतःच्या हाताने लिहिली होती. शेजारच्या गावात एका वकिलाने लग्नांना भाड्याने द्यायला गोठा विकत घेऊन झुंबरं लावली आहेत. तिथे गाय कधी पाऊलसुद्धा टाकत नाही आणि एका दिवसाचं भाडं सात हजार डॉलर. मॅरेन आणि तिचा होणारा नवरा कॉलिन, दोघंही शाळेत शिकवणारे. एप्रिलमध्ये मॅरेनचा फोन आला होता.

"मॉम, आपला गोठा रिकामाच आहे ना आता? मग लग्न तिथेच करू."

रिकामाच. मार्चमध्ये दोन ट्रक आले होते आणि बावन्न गाई घेऊन पश्चिमेकडच्या कुठल्याशा मोठ्या डेअरीत गेले होते. आर्डिसच्या नवऱ्याचे, ऑरिनचे गुडघे गेले होते. मुलगा नेल्स ॲरिझोनात पोहण्याच्या तलावांची औषधं विकत होता, आणि परत येणार नाही हे त्याने दहा वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं. तरी ऑरिन अजून पहाटे पाचला उठून गोठ्यात जायचा. कशाला, ते आर्डिसने विचारलं नाही. त्या घरात न विचारण्याची रीतच होती. एक गोष्ट तर अकरा वर्षं कोणी तोंडातून काढली नव्हती. ती लग्न पार पडेपर्यंत तशीच राहावी, बापलेकीने एकमेकांचा हात धरून त्या गोठ्यातून चालत यावं, एवढंच आर्डिसचं मागणं होतं. शब्द एकदा बाहेर पडला की मॅरेन गाडीत बसून मिनिॲपोलिसला निघून जाईल आणि मग नाताळचं कार्डसुद्धा येणार नाही, हे ती ओळखून होती.

"तुझा नवरा चार दिवस झाले गोठ्यात काय करतोय?" व्हर्लाने सुतळी दाताने तोडत विचारलं. "दाराला कडी लावून बसलाय."

"मॅरेनने यादी दिलीय ना. उजवीकडच्या लोखंडी चौकटी कापायच्या आहेत. नाचायला जागा हवी."

"ऑरिन कापेल त्या? गाई उभ्या राहायच्या त्या चौकटी?"

"हो म्हणालाय."

"हो काय, तो दंतवैद्यालाही म्हणतो. गेलाय का कधी?"

दुपारी मॅरेन आणि कॉलिन आले. गाडीच्या टपावर दिव्यांच्या माळांची खोकी, मागच्या सीटवर लाकडाच्या चकत्या, मेणबत्त्या ठेवायला. कॉलिन चांगला मुलगा होता. आल्याआल्या त्याने व्हर्लाच्या हातातली टोपली घेतली आणि तो तीनदा थँक यू म्हणाला. बसायला गवताचे गठ्ठे मागवू का, असं त्याने मागच्या खेपेला ऑरिनला विचारलं होतं. "गवत गाई खातात. बसायला पेंढा असतो," एवढंच ऑरिन म्हणाला होता.

आता ऑरिन गोठ्याच्या दारात उभा होता. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, आणि भुवयांवर पांढरे ठिपके.

"या," तो म्हणाला आणि त्याने कडी काढली.

आत सगळं पांढरं होतं. भिंती, तुळया, छत, खांब, सगळ्यावर चुन्याचे दोन दोन हात. खिडक्यांच्या काचा व्हिनेगरने पुसलेल्या. शेणाची नाली इतकी घासलेली की तिच्यात जेवण वाढावं. दरवर्षी दूध तपासणारा साहेब यायच्या आधी ऑरिन चुना लावायचा, पण इतका सुंदर त्याने कधी लावला नव्हता. आणि उजवीकडच्या चौकटी? सव्वीसच्या सव्वीस जागच्या जागी. त्यांनाही रंग दिलेला. प्रत्येकीवर गाईच्या नावाची पाटी धुऊन पुसून परत टांगलेली.

चुन्याचा वास नाकात बसत होता.

"वाईट नाही," व्हर्ला म्हणाली. त्या घराण्यात याहून मोठं कौतुक नसतं.

कॉलिनने वरच्या तुळईकडे बोट दाखवलं. "सर, ते... जुनं लाकूड कुठे गेलं? तपकिरी होतं ते? आम्ही फोटो पाठवले होते..."

"आहे की चुन्याखाली," ऑरिन म्हणाला. "घाण होती त्याच्यावर. दीडशे माणसं येणार."

"नाही, छानच झालंय. फक्त आम्हाला ते जरा खऱ्या गोठ्यासारखं हवं होतं."

ऑरिनने त्याच्याकडे पाहिलं. "खरा गोठा असाच असतो, पोरा."

आर्डिसचं लक्ष मॅरेनकडे होतं. पोरगी पांढरीफटक पडली होती. आता ही रडेल किंवा हसेल, दोन्हीपैकी काही झालं तरी निभेल, असं आर्डिसला वाटलं. पण मॅरेनने पिशवीतून तारेचा ब्रश काढला. लाकडाच्या चकत्या घासायला आणलेला. ती जवळच्या खांबापाशी गेली आणि चुना खरवडू लागली. खर्र, खर्र. पांढरी पूड तिच्या केसांत पडत होती.

"मॅरेन, चहा घे आधी," आर्डिस म्हणाली.

"मला भूक नाही."

"मी चहा म्हणाले."

"एका आठवड्यात हे सगळं निघायला हवं, मॉम. आणि चौकटीही. त्यांना रंग कोणी द्यायला सांगितला?"

"लोखंड गंजतं," ऑरिन म्हणाला.

"कापायच्याच होत्या, तर गंजल्या काय आणि..." मॅरेन थांबली. ती आता चौथ्या चौकटीपाशी आली होती. वरच्या पाटीवर लिहिलं होतं, पेटूनिया. अक्षर शाळकरी, शेवटचा स्वर पाटीबाहेर जाता जाता वाचलेला.

आर्डिसला ती पाटी रंगवताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर सांडलेला निळा रंग आठवला. पेटूनिया मॅरेनने बाटलीने दूध पाजून वाढवलेली कालवड. जिल्ह्याच्या जत्रेत तिने पहिलं बक्षीस आणलं होतं. शाळेच्या बसमध्ये पोरं नाक धरायची, तरी मॅरेन पहाटेचं दूध काढूनच जायची. नेल्स उशीत डोकं खुपसून पडलेला असायचा. आणि मग अठराव्या वर्षी तिने शेतकी कॉलेजचा अर्ज त्याच टेबलावर भरायला घेतला होता, तेव्हा ऑरिन पेपरमधून मान वर न काढता म्हणाला होता, "ते तुला कशाला? नेल्स आहे ना." मॅरेनने आईकडे पाहिलं होतं. आर्डिस सूप वाढत होती. ती वाढतच राहिली. आपल्यासारखे हात पोरीचे होऊ नयेत, असं तिला त्या क्षणी वाटलं होतं, आणि आपण मुलीचं भलं करतोय अशी स्वतःची समजूत तिने अकरा वर्षं घातली होती.

"करवत कुठेय?" मॅरेनने विचारलं. "मी कापते."

"तुला नाही जमायचं," ऑरिन म्हणाला.

व्हर्लाने डोळे मिटले. आर्डिसने तिचं कोपर धरलं.

"नेल्स शुक्रवारी येतोय," ऑरिन पुढे म्हणाला, जणू नुसतं हवामान सांगत होता. "त्याला एकदा बघू दे असाच. मग शनिवारी सकाळी कापतो."

"नेल्सला?"

"त्याच्यासाठीच तर ठेवलं होतं सगळं."

मॅरेनच्या हातातला ब्रश खाली आला. कॉलिन म्हणाला, "बेब, आपण चुन्यावर पडदे सोडू, गोणपाटाचे," पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"तुला एका दिवसापुरता हवाय हा," ऑरिन म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "शनिवारी नाचाल, फोटो काढाल, रविवारी जाल. मी इथे एकेचाळीस वर्षं दूध काढलं. तुझ्या फोटोसाठी मी तो घाण ठेवू? तुझे पाहुणे म्हणून मी गुडघ्यांवर बसून ती नाली घासली. एवढं तर कळायला हवं तुला."

आता काहीतरी बोलायला हवं, असं आर्डिसला वाटलं. चहा, बरण्या, हॅमचे पाव, काहीही. चौतीस वर्षं ती अशा वेळी काहीतरी वाढत आली होती. आज हातात काहीच नव्हतं.

मॅरेनने पेटूनियाची पाटी खिळ्यावरून काढली, बाहीने पुसली, आणि बापासमोर धरली.

"मला हा गोठा हवा होता, डॅड," ती म्हणाली. "गाईंसकट."