शेळी कुणाची, ते मला विचारा

मी चौकटीच्या कागदाची वही बोलतेय. वय विचारू नका, कडा बघा म्हणजे कळेल. सध्या काचेच्या पेटीत पडून आहे. वर दिवा, खाली कुलूप, आणि पुढ्यात एक छापील पाटी. आठ महिने गप्प बसून सोसलं. आता नाही सोसवत, कारण ती पाटी धादांत खोटी आहे.

पाटीवर लिहिलंय, "घरगुती संगणकावरच्या खेळांचे जनक, यांनी स्वहस्ते रेखाटलेली वही." शेजारी साहेबांचा हसरा फोटो. स्वहस्ते म्हणे! साहेबांचं पेन अडलं तेव्हा त्यांनी ते माझ्या पाठीवर झटकलं होतं. त्यांच्या हातची तेवढीच शाई माझ्या अंगावर आहे.

पहिल्यापासून सांगते. माझ्या बहिणी कुणी नकाशे आखणाऱ्याकडे गेल्या, कुणी विणकामाच्या बाईंकडे. मला उचललं एका बावीस वर्षांच्या मुलीनं. लहानपणी दिसेल त्या कागदावर ठिपके काढायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं ठिपकी. पुढे दुकानातही तेच चिकटलं.

दुकान साहेबांचं. रेडिओ, टंकलेखन यंत्रं असला माल. ठिपकी तिथं पत्रं टाईप करायची. एक दिवस साहेबांनी नवीन यंत्र आणलं. दिसायला नुसती बटणांची पाटी, ती घरच्या टीव्हीला जोडायची. गिऱ्हाईक विचारायचं, "याचा उपयोग काय?" साहेब म्हणायचे, "काय नाही ते विचारा!" म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना ते चालू करता यायचं आणि बंद करता यायचं.

दुपारी दुकान दोन तास बंद असायचं. साहेब जेवायला घरी जायचे. ठिपकी किल्ली मागून मागे थांबायची. एका हाताशी डबा, दुसऱ्या हाताशी मी, समोर यंत्राचं माहितीपुस्तक आणि त्याच्यावर शब्दकोश. घास तोंडात आणि बोट शब्दावर. अशी ती शिकली. शिकवायला कोण होतं? तिच्या आधी त्या गावात हे कुणी केलेलंच नव्हतं.

तिच्या मनात एक खेळ होता. एक शेळी गच्चीवर चढते आणि वाळत घातलेले कपडे खात सुटते. मालकीण झाडू घेऊन मागे. आता ही शेळी टीव्हीत उतरवायची कशी? तर माझ्या कागदावर आठ घरं आडवी, आठ उभी असा चौकोन घ्यायचा. शेळीचं अंग येईल ती घरं काळी करायची. मग ओळीतल्या काळ्या घरांची किंमत मोजून एक आकडा काढायचा आणि तो यंत्राला द्यायचा. एका चित्राचे आठ आकडे. शेळी उभी, शेळी चालती, शेळी सदरा चघळताना, अशी साठ चित्रं!

तिची आई म्हणायची, "चौकोन भरून पोट भरतं का गं?"

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायचे, "भरू दे तिला. मी नाही का जन्मभर दाते मोजत बसलो? तुझं पोट त्यावरच भरलं ना?"

आणि मग ती चूक झाली. यंत्राच्या नियमानं मोजायचं डावीकडून. पहिल्या घराची किंमत सगळ्यात जास्त, मग ती निम्मी निम्मी होत उजव्या टोकाला एक. पण ठिपकी डावखुरी. ओली शाई हाताखाली फासू नये म्हणून ती घरं उजवीकडून भरत यायची. भरता भरता मोजायचीही उजवीकडूनच, म्हणजे सगळ्यात मोठी किंमत उजव्या टोकाच्या घराला. साठच्या साठ चित्रं अशीच मोजली. यंत्रात घातली आणि बघते तर काय! माझ्या कागदावर शेळीचं तोंड उजवीकडे, टीव्हीत डावीकडे. सगळी शेळी आरशात पाहिल्यासारखी.

ती घटकाभर कपाळाला हात लावून बसली. मग एकटीच हसायला लागली. साठ चित्रं पुन्हा मोजण्यापेक्षा तिनं गच्चीच उलटी फिरवली. शेळी उजवीकडून निघाली आणि डावीकडे पळाली.

साहेब आले आणि कडाडले, "ही उलटी का जाते? बाहेरचे सगळे खेळ डावीकडून उजवीकडे जातात!"

"साहेब, ते शेळीला कुणी सांगितलंय का?"

"कुणी घेणार नाही असला खेळ."

तिसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेला लोकांची नाकं चिकटली. पोस्टमन पत्रं वाटायची विसरून शेळी पळवत उभा राहिला. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला.

एक गोष्ट मात्र मी तिलाही माफ केलेली नाही. खेळ संपला की पडद्यावर "ठिपकी" अशी अक्षरं यायची, तशी तिनं सोय केली होती. पण त्या यंत्राचं पोट एवढंसं. शेवटच्या उडीला जागा पुरेना. तेव्हा तिनं काय काढलं? स्वतःचं नाव काढलं! म्हणाली, "शेळीची उडी लोकांना दिसेल, माझं नाव कोण वाचतंय?" अगं बये, तू शेळीला उडी दिलीस आणि साहेबांना शिडी दिलीस.

खेळ कॅसेटवर भरून विकायला आला. खोके छापून आले, त्यावर साहेबांचा फोटो. खाली "निर्माता". ठिपकीनं खोका उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"साहेब, यात मी कुठंय?"

"अगं, तू तर घरचीच! घरच्या माणसाचं नाव लिहितात का कुणी?"

बघा हं, कामाच्या वेळी माणूस नोकर असतं आणि मानाच्या वेळी घरचं होतं. ही युक्ती मी आयुष्यात पुष्कळदा पाहिली. तिनं आणखी दोन खेळ केले, दोन्हींवर तोच फोटो. मग एक दिवस साहेबांनी आपल्या पुतण्याला तिच्याशेजारी आणून बसवलं आणि सांगितलं, "याच्या हाताखाली काम कर." ती उठली, डबा पिशवीत घातला आणि गेली. मला न्यायला दुसऱ्या दिवशी आली, तर पुतण्या म्हणाला, "वही दुकानाची आहे."

पुढे ती मुलांना गणित शिकवत राहिली. मी दुकानाच्या कपाटात. पुतण्यानं माझ्या शेवटच्या पानांवर फोन नंबर लिहिले, कुणी चहाचे पेले ठेवले, वाळवीनं कोपरा चाखला. वाळवी बरी. तिनं खाल्लं, पण लिहिलं मीच असं नाही म्हणाली.

आणि आता हे प्रदर्शन. साहेबांनी मला कपाटातून काढलं आणि इथं देऊन टाकलं. उद्घाटनाला साहेब काठी टेकत आले. कुणीतरी विचारलं, शेळी उलटी का पळते? साहेबांनी डोळे मिटले, म्हणाले, "मला जगाला सांगायचं होतं, प्रवाहाविरुद्ध चला." टाळ्या! अहो, खाली बघा ना, माझ्या पानावर शेळी सुलटीच आहे! पण माझ्याकडे बघतो कोण? ज्याच्या हाती ससा तो पारधी.

तीन आठवड्यांपूर्वी ठिपकी आली. केस पांढरे, सोबत नात. नातीनं पाटी वाचली आणि दालनभर ऐकू जाईल असं ओरडली, "आजी, हे तर तुझं! चोर आहेत हे!"

प्रदर्शनाच्या प्रमुख बाई धावत आल्या. "हळू बोला. तुमच्याकडे काही पुरावा आहे का?"

"पुरावा तुमच्याकडे कुलपात आहे," ठिपकी म्हणाली. "तेविसावं पान काढा. त्या शेळीला पाच पाय आहेत. शेजारी मी लिहिलंय, राहू दे, पळायला बरा."

बाईंनी हातमोजे घातले, कुलूप काढलं, पान उलटलं. पाच पाय. शेजारी तिचं बारीक अक्षर, "राहू दे, पळायला बरा." बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा फोनचा आवाज मोठा केला.

साहेब जराही अडखळले नाहीत. "हो हो, आमची ठिपकी! कल्पना माझी, हात तिचा. लिहा ना खाली, साहाय्य म्हणून. मी कधी नाही म्हटलं?"

ठिपकी फोनजवळ वाकली. "साहाय्य तुम्ही केलंत, साहेब. दुपारची किल्ली दिलीत, वीज दिलीत. तेवढं तुमच्या नावावर लिहू देते मी. शेळी माझी."

पलीकडून फोन बंद झाला. बंद करण्यात ते पहिल्यापासून वाकबगार.

बाई म्हणाल्या, "आजी, समिती बसेल, ठरवेल. तोवर पाटी काढता येत नाही. पण वही इथंच राहू द्याल ना? लोकांनी पाहायला हवी."

"देईन की," ठिपकी म्हणाली. "पण आधी माझी मला परत द्या. मग मी देईन."

बाईंनी मला मिटलं. मला पुन्हा पेटीत ठेवलं, कुलूप लावलं.

समिती अजून बसलेली नाही. पाटी जागच्या जागी आहे, फोटो हसतोय. तुम्ही कधी आलात तर पाटीसमोर मान डोलावू नका. बाईंकडे जा आणि विचारा, समिती केव्हा बसणार? रोज चार जणांनी विचारलं तर बसेल. मला काही घरी जाऊन लपायचं नाही, पुन्हा याच काचेखाली यायला माझी तयारी आहे. फक्त एकदा मला तिच्या हातात द्या. तिचं सगळं दुसऱ्यांनीच देऊन टाकलं. निदान मला तरी तिला स्वतःच्या हातानं देऊ द्या.