आतल्या वस्तूला स्वतःची ओळ

माझी आत्या बस डेपोतली सापडलेल्या वस्तूंची खोली सांभाळते. सव्वीस वर्षांत तिने एकच नियम जिवापाड जपलाय. जे ज्याच्या पोटात सापडलं, ते त्याच्याच पोटात राहायचं. पिशवीतला डबा पिशवीत, डब्यातला चमचा डब्यात, आणि मालक येईपर्यंत कुणी कुणापासून वेगळं व्हायचं नाही. सहा वर्षांपूर्वी डेपोने रजिस्टर काढून घेऊन तिच्या हातात टॅब्लेट दिला. त्यात प्रत्येक वस्तूपुढे ‘आत काय आहे?’ असं बटण होतं. बटण बनवणाऱ्याला माझी आत्या ठाऊक नसणार. ती ते दाबतच राहिली. पर्सच्या आत बटवा, बटव्याच्या आत डबी, डबीच्या आत दोन सेफ्टी पिना आणि एक दुधाचा दात.

आता तिच्या खोलीत टायर ठेवायचे, असं डेपो मॅनेजरांनी ठरवलं होतं. वस्तू भंगारात आणि आत्या वरच्या मजल्यावर, चौकशीच्या खिडकीत. फक्त एक फट शिल्लक होती. किती वस्तू येतात आणि किती परत जातात याचा आलेख दाखवा, मग बघू, असं ते म्हणाले होते. मुदत आठ दिवसांची, त्या दिवशी चार वाजेपर्यंत. आत्याने मला फोन केला तेव्हा साडेबारा वाजले होते. ही बाई आठ दिवस काय करत होती, ते विचारायचं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, “हातमोजे धूत होते.”

मी बुटांच्या कारखान्यात आलेख काढते. डावे किती, उजवे किती, असले सरळ प्रश्न. अर्ध्या दिवसाची रजा टाकून डेपोत पोचले आणि टॅब्लेटमधला सगळा तक्ता माझ्या लॅपटॉपवर उतरवला, तर चार रकाने. तारीख, वस्तू, परत गेल्याची खूण आणि ‘आत’. चौथ्या रकान्यात कंसात कंस, त्यात आणखी कंस. एकेका चौकटीत आख्खा संसार कोंबलेला. मी कपाळाला हात लावला.

“आधी वरवरचं मोजते,” मी म्हणाले. बाहेरच्या वस्तू अकराशे चार, परत गेलेल्या दोनशे बारा. आलेखात एक उंच खांब आणि त्याच्या बाजूला बुटका.

आत्याने चष्मा पुसून पाहिलं. “ही पिशवी एकच धरलीस? अगं, तिच्यात एकतीस वस्तू होत्या. मी हाताने मोजल्यात.”

बरोबर होतं तिचं. मग मी सगळं उलगडायला घेतलं. आतली प्रत्येक वस्तू बाहेर काढायची, तिला स्वतःची ओळ द्यायची, आणि ती कुणाच्या पोटातली, किती खोल, कुठल्या तारखेची हे शेजारच्या रकान्यांत लिहायचं. आत्याला हे मुळीच पसंत नव्हतं.

“लेकरं आईपासून तोडतेस तू.”

“आईचं नाव लिहितेय ना शेजारी.”

“प्रत्येकाच्या?”

“प्रत्येकाच्या. सेफ्टी पिनेच्यासुद्धा.”

तेव्हा कुठे ती खुर्चीत टेकली. मी बटण दाबलं आणि तक्ता धावत सुटला. दोन हजार ओळी, तीन, पाच, आणि थांबला तेव्हा सहा हजार तीनशे नव्वद. आत्या उठून उभी राहिली. रॅककडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि पदराने तोंड झाकून हसायला लागली. “एवढं सगळं मी सांभाळतेय?” एकशे अकरा कंगवे होते. सात कवळ्या होत्या. कवळी विसरून माणूस बसमधून उतरतो कसा, यावर आम्ही दोघींनी मोलाची दहा मिनिटं घालवली. मला इतकं हसू येत होतं की डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि घड्याळात तीन वाजले होते.

मग मी नवा आलेख काढला. शंभरातल्या तीन वस्तू परत. फक्त तीन. मघाशी निदान एकोणीस होत्या.

“झालं,” मी म्हणाले. “मीच तुला चौकशीच्या खिडकीत बसवलं.”

आत्या पडद्याला नाक लावून वाचत होती. “ही पिशवी परत गेलीय. खूण आहे. मग तिच्यातल्या चमच्यापुढे का नाही?”

“तू चमच्यापुढे खूण केलीच नाहीस.”

“पिशवी गेली, मग चमचा काय इथे एकटा राहील?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पहिलीत गेले.

खूण फक्त बाहेरच्या वस्तूपुढे होती. आतल्या सगळ्यांपुढे ती मला उतरवायला हवी होती. उतरवली, आणि दुसरा खांब जो चढायला लागला तो चढतच गेला. चार हजार चारशे त्र्याहत्तर. शंभरातल्या सत्तर. रिकाम्या छत्रीसाठी कुणी येत नाही, पण भरल्या पिशवीसाठी माणूस तीन बस बदलून येतो. मी आत्याला गरकन फिरवलं. तिने मला “अगं, हाडं माझी, हाडं” म्हणत सोडवून घेतलं आणि मग स्वतःच पुन्हा हात पुढे केले.

चारला पाच मिनिटं असताना मॅनेजरसाहेब आले. हातात फाइल, फाइलमध्ये खोली बंद करण्याचं पत्र, फक्त सही बाकी. मी दोन्ही आलेख दाखवले, एकोणीसचाही आणि सत्तरचाही. लपवाछपवी मला जमत नाही.

“चमचे मोजून फुगवलंय,” ते म्हणाले. “इथे काही सापडत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. तीन वर्षांपूर्वी मी आलो होतो, बाई. किल्लीसाठी. वडिलांच्या भिंतीवरच्या घड्याळाची. तशीच दुसरी करून घ्यायला नेत होतो, बसमध्ये पडली. तुम्ही नाही म्हणालात. घड्याळ दहा वीसवर थांबलंय. ते रोज त्याच्यासमोर बसतात आणि मला काही बोलत नाहीत.”

हे शेवटचं वाक्य ते आमच्याशी बोलतच नव्हते. मला त्यांचा राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. मी वस्तूंच्या रकान्यात ‘किल्ली’ शोधली. त्र्याऐंशी ओळी आल्या. चाळिसावी अशी होती: किल्ली, पितळी, फुलपाखराच्या आकाराची, तोंडाशी चौकोनी भोक. शेजारच्या रकान्यात: छत्री, काळी, एक काडी मोडकी. तारीख साहेबांनी पाहिली: त्यांच्या फेरीनंतर दोन दिवसांची.

आत्या रॅककडे गेली, छत्री आणली आणि उघडली. साहेबांच्या बुटांवर दोन तिकिटं पडली, एक बटण पडलं आणि खण्ण करून किल्ली पडली. शेजारच्या सीटला कुणी छत्री अडकवली असणार, किल्ली तिच्यात घसरली, आणि मग तो छत्रीवालाही छत्री विसरला. साहेब खाली वाकले.

आत्याने किल्लीवर पाय ठेवला. “छत्री तुमची आहे का?”

“नाही.”

“मग तिच्या पोटातलं कसं देऊ?”

खोली हातची चालली होती, आणि ही नियम सांगत होती. मला ओरडावंसं वाटलं. साहेब गुडघ्यावर तसेच, तोंड उघडं. मी लॅपटॉप उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरला. “आत्या, बघ. किल्लीला आता स्वतःची ओळ आहे. छत्रीला न विचारता तिच्यापुढे खूण करता येते.”

तिने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मग स्वतःच्या बोटाने खूण केली, पाय काढला आणि म्हणाली, “न्या.” खांब एका वस्तूने वाढला, म्हणजे डोळ्यांना दिसेल इतकाही नाही. आम्ही दोघींनी तो पाहिला.

साहेब किल्ली मुठीत घेऊन उभे राहिले, “टायर बघू कुठेतरी” असं काहीसं पुटपुटले, आणि डेपोचा मॅनेजर जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या सोडत घरी पळाला. फाइल टेबलावरच राहिली.

आत्याने टॅब्लेट ओढला. फाइल, निळी, एक. आत काय आहे? पत्र, एक, खोली बंद करण्याबद्दल, सही नसलेलं. तिने फाइलला चिठ्ठी लावली आणि छत्र्यांच्या मागे नीट उभी केली.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. साहेब रोज खोलीवरून जातात, आत्याला नमस्कार करतात. फाइल न्यायला अजून कुणी आलेलं नाही.