मॅडम गाठ तपासतात

"गाठ म्हणायची का हिला? मांजर लोकरीशी खेळून गेल्यासारखी दिसतेय," जावयाच्या पोटाशी बांधलेल्या दोरावर वाकून सासूबाई पुटपुटल्या. "सोड. पुन्हा बांध."

सरावाच्या मनोऱ्यावर जावयानं गाठ सोडली. तिसऱ्यांदा. सासूबाई बचाव पथकाच्या प्रमुख. घरी आई, इथे मॅडम. ही अदलाबदल त्याच्या जिभेला अजून जमत नव्हती. लग्न झाल्यापासून तो पथकाच्या खोलीत दोर धूत, वाळवत, गुंडाळत आला होता. आज दोरावरून खाली उतरला, तर उद्यापासून खरी कामगिरी. नाहीतर आहेच बादली आणि ब्रश.

नियम साधा. एकानं गाठ बांधायची, दुसऱ्यानं बोट फिरवून तपासायची, आणि त्या दुसऱ्यानं "जा" म्हटल्याशिवाय कठड्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. मॅडमच्या तोंडून तेवढं एक अक्षर फुटत नव्हतं.

"जावयाचे लाड चाललेत," कप्पी पुसता पुसता पथकातला पहिलवान म्हणाला. काडीसारखा बारीक, म्हणूनच पहिलवान. "आमची गाठ कशी एका नजरेत पास व्हायची!"

"तू तुझी कप्पी बघ," मॅडमनी दटावलं.

जावयानं पुन्हा गाठ घातली, इंग्रजी आठाच्या आकाराची. दोराचे पदर एकमेकांवर चढू न देता शेजारी शेजारी बसवले, एकेक ओढून आवळला, उरलेल्या टोकाचं शेपूट चांगलं वीतभर सोडलं.

"शेपूट आखूड."

त्याचे कान तापले. आपल्या हातात हे नाहीच बहुतेक. "मॅडम, तुम्हीच एकदा बांधून दाखवता? बघून शिकतो."

त्यांनी बांधली. लेकीची वेणी घालावी तशी बोटं झरझर फिरली. एवढ्यात खालून कुणीतरी तयारीची शिट्टी दिली. मॅडमनी कठड्यावरून खाली पाहिलं, मग गाठीकडे.

"छे! पदर चढलेत. सोड."

"मॅडम," पहिलवान हळूच म्हणाला, "ही तुमचीच आहे."

कुणी हसलं नाही. मनोऱ्यावरच्या बाकीच्यांपैकी एकानं हेल्मेटचा पट्टा न्याहाळायला घेतला, दुसऱ्याला दूरवर काहीतरी दिसलं. सगळ्यांना कधीचंच कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या जावयाला.

मॅडम दोन पावलं मागे सरल्या.

"पहिलवान, याला तूच तपास, तूच 'जा' म्हण. माझ्यावर सोडलंत तर हा इथंच म्हातारा होईल." मग जावयाकडे न बघता म्हणाल्या, "गाठीला काही झालेलं नाही रे बाळा. पहिलीलाही नव्हतं. मलाच भीती वाटते."